कापूस वेचून आलेल्या मुलांना कापूस काय शिकवायचा?

मास्तरीणबाई

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याकडची, म्हणजे ऊस आणि ज्वारी बघत वाढलेली. गेली सहा वर्षं यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सहावी-सातवीला विज्ञान आणि गणित शिकवते. इथे येईपर्यंत मी कापसाचं झाड नीट पाहिलेलंसुद्धा नव्हतं, इथले लोक त्याला पऱ्हाटी म्हणतात हेही इथेच कळलं.

दिवाळीची सुट्टी संपली की आमचा वर्ग अर्धा होतो. सातवीत २७ मुलं आहेत, परवा १५ होती. बाकीची आईबरोबर वेचणीला. घरोघरी जाऊन बोलावून आणतो, दोन दिवस येतात, परत गायब. त्यावर वेगळं बोलता येईल पण आज धागा काढलाय तो एका उत्तरपत्रिकेमुळे.

चाचणीत साधा प्रश्न होता, कापसासाठी कोणत्या प्रकारची जमीन योग्य असते व का? एका मुलीने जागा कोरी सोडली. ही तीच मुलगी जी आदल्या आठवड्यात चार दिवस वेचणीला होती. मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून सहज विचारलं, तुमच्या वावरात कापूस कुठे चांगला येतो गं? तर दहा मिनिटं बोलत होती. बरडावरची (हलक्या, मुरमाड जमिनीतली) पऱ्हाटी ठेंगणी राहते आणि दिवाळीलाच संपते, काळीतली संक्रांतीपर्यंत चालते कारण खाली ओल धरून असते, पण काळीत खोलगट जागी पाणी साचलं की झाड पिवळं पडतं म्हणून बाबांनी यंदा तिथे चर काढला, आणि उन्हाळ्यात काळीला भेगा पडतात त्यात तिची चप्पल अडकली होती वगैरे. मी म्हटलं अगं मग हेच लिहायचं होतंस. ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं पुस्तकातली जमीन विचारली."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. आम्ही शून्य दिलाय तिला. जिला माझ्यापेक्षा जास्त येतं तिला.

तर मला जूनपासून वर्षभर कापूस हाच विषय धरून विज्ञान, गणित, इतिहास थोडं थोडं घ्यायचंय. पेरणीपासून वेचणीपर्यंत. तुमच्यापैकी कोणी शेतकरी, शिक्षक, जिनिंगवाले (कापसातून सरकी म्हणजे बी वेगळं काढणारे), संशोधक असाल तर सांगा काय काय करता येईल. खर्च शून्य धरा.

अनघा_कोथरूड

खूप छान धागा, वाचतेय. आमच्याकडे नेमकं उलटं आहे. माझ्या मुलाला (पाचवी) कापूस म्हणजे आजीची वस्त्रमाळ आणि वाती एवढंच माहीत. आणि एक गोंधळ आहे, त्याच्या पुस्तकात रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस असं आहे आणि आजी मारुतीला रुईच्या पानांचा हार घालते, तर तो विचारतो की कापूस त्या झाडाला लागतो का? मलाही नीट सांगता आलं नाही.

बोंडअळी_अभ्यासक

@अनघा, दोन्ही वेगळ्या वनस्पती आहेत, नाव तेवढं एक. मारुतीची रुई म्हणजे रुई-मांदारातली, पान तोडलं की चीक येतो. तिच्या बियांनाही रेशमासारखे तंतू असतात, बहुतेक त्यावरूनच गोंधळ होतो. उशीत भरतात तो सावरीचा कापूस तर तिसऱ्याच झाडाचा, मोठा वृक्ष असतो. आपला कापूस हा भेंडी, अंबाडी, जास्वंद यांच्या कुळातला. मुलाला भेंडीचं फूल आणि जास्वंद शेजारी ठेवून दाखवा, मधला दांडा आणि त्यावर चिकटलेले पुंकेसर सारखेच दिसतील, आणि कुंडीत कापूस लावलात तर त्याचं फूलही तसंच निघेल. कुंडी मोठी घ्या आणि ऊन भरपूर पाहिजे.

मास्तरीणबाई, तुमच्यासाठी सविस्तर लिहितो. मी कापसावरच्या किडींवर काम करतो.

सगळ्यात आधी एक सावधगिरी. दुकानातल्या बीटी (अळीला रोखणाऱ्या) कापसाच्या पाकिटातलं बी मुलांच्या हातात देऊ नका. त्याला कीटकनाशक लावलेलं असतं, त्यासाठीच ते रंगीत दिसतं. वर्गात रुजवून बघायला जिनिंगमधली साधी सरकी घ्या किंवा देशी वाणाचं बिनऔषधाचं बी मिळवा. सरकीला बारीक लव असते त्यामुळे बिया एकमेकींना चिकटतात, जुने लोक शेणमाती किंवा राख चोळून त्या सुट्या करायचे, ते मुलांना करू द्या, मजा येते. आणि फवारणी झालेल्या वावरात पोरांना नेऊच नका, किती दिवस झाले ते शेतकऱ्याला विचारून मगच.

दुसरं, फूल. अमेरिकन जातीचं फूल (आज आपल्याकडे बहुतेक लागवड त्याचीच) पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच झाडावर दोन रंगांची फुलं दिसतात ती यामुळे. प्रत्येक मुलाने एका फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधायचा, तारीख वहीत लिहायची, आणि बोंड फुटेपर्यंत दर आठवड्याला बघायचं. फुलापासून बोंड फुटायला साधारण ४५-५० दिवस लागतात. काहींची बोंडं मधेच गळतील, तेही लिहायचं, गळ किती टक्के ते गणितात घ्या.

तिसरं, कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरची एक पेशी लांबत लांबत जवळपास ३ सेंटिमीटर होते. सातवीत पेशी शिकवताना सूक्ष्मदर्शक नाही म्हणून रडतो आपण, आणि इथे नुसत्या डोळ्यांनी दिसणारी पेशी पोरांच्या ओटीत भरलेली असते. तंतू ओढून पट्टीवर ठेवा आणि मोजा.

अळीबद्दल रात्री लिहितो.

काळीमाती

मॅडम, मी कास्तकार आहो, बारा एकर कोरडवाहू. राग नोका मानू पण मले हे पटलं नाई. माया पोराले मी शाळेत काहून धाडतो? त्यानं वावरातून बाहेर पडावं म्हणून. पऱ्हाटी त्याले मी शिकवतो, मायी माय शिकवते, त्यासाठी शाळेची गरज नाई. शाळेनं त्याले इंग्रजी शिकवावं, कॉम्प्युटर शिकवावं. शेतीचे गोडवे शहरातल्या लोकायनं गावे, आमाले भाव किती भेटला ते कोणी विचारत नाई. अळी आली, पाणी आलं, बोंडं सडली, शेवटी हातात काय रायलं? त्या लेकरायनं सुट्टीच्या दिवशी वेचायचं अन् सोमवारी शाळेत येऊन पुन्हा कापूसच शिकायचा? त्यायले जरा दुसरं जग पण दिसू द्या.

अनघा_कोथरूड

दादा, तुमचं म्हणणं टोचलं पण खरं आहे. आमच्यासाठी ती सहल आणि तुमच्यासाठी ते पोट.

जुना_बुनियादी

मी निवृत्त शिक्षक, वर्धा जिल्हा. लहानपणी बुनियादी शाळेत शिकलो, म्हणून लिहावंसं वाटलं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, नंतर झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम केला, त्यातून नई तालीम आली, तिच्याच शाळा म्हणजे बुनियादी. एखादा हस्तोद्योग धरायचा आणि बाकी विषय त्याच्याभोवती गुंफायचे. आमच्या भागात तो उद्योग म्हणजे कापूस ते कापड. काळीमातीदादा जे म्हणताहेत तो आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. मुलांनी काढलेलं सूत विकून शाळेचा खर्च भागवायचा ही त्यातली कल्पना अनेकांना खटकली, लेकरांना मजूर करताय का असं थेट विचारलं गेलं. तो प्रश्न योग्यच होता असं मला आजही वाटतं. शाळेत मुलाच्या हातून निघालेल्या मालाला बाजार लागला की शिकणं मागे पडतं.

पण हाताने केल्यावर जे कळतं ते सोडू नका. आम्ही सरकी कशी काढायचो सांगतो. एक गुळगुळीत पाट, त्यावर चिमूटभर कापूस, आणि लोखंडी सळई लाटण्यासारखी दोन्ही तळव्यांनी दाबत पुढे न्यायची. सरकी पुढे टुपकन निसटते, रुई मागे राहते. पहिल्या दिवशी सरकी फुटायची, दाब जास्त व्हायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी हाताला समजतं की किती दाबायचं. मग पिंजायचं, पेळू (पिंजलेल्या रुईच्या वळकट्या) करायचे, तकलीवर (हाताने फिरवायच्या चातीवर) सूत. तकली फिरताना पीळ सुताला बसतो आणि सूत तुटत नाही, पीळ कमी पडला की तुटतं, तेव्हा गुरुजी थांबवून विचारायचे का तुटलं? घर्षण हा शब्द मला तिथे कळला, पुस्तकात नंतर भेटला.

वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ पासूनचं, चरख्यांचे कितीतरी प्रकार ठेवलेत. जमलं तर सहल तिकडे न्या.

मास्तरीणबाई

@काळीमाती, राग अजिबात नाही. उलट तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, गावात पालकसभेत हेच कोणी तोंडावर बोलत नाही, नुसते येत नाहीत.

एक सांगते. मला मुलांना शेतकरी बनवायचं नाहीये. ती मुलगी डॉक्टर झाली तर मला आनंदच आहे. पण आत्ता तिला वाटतंय की तिच्या घरात जे माहीत आहे ते ज्ञान नाही, ज्ञान म्हणजे पुण्या-मुंबईचं छापलेलं काहीतरी. असं वाटणारं मूल इंग्रजी तरी कसं शिकेल, ते हात वर करतच नाही वर्गात. मला तो हात वर झालेला बघायचाय.

आणि तुम्हीच सांगा, तुमच्या मुलाला शाळेने काय शिकवलं तर तुम्हाला घरी उपयोग होईल? हे मनापासून विचारतेय.

बोंडअळी_अभ्यासक

अळीचं राहिलं होतं.

बीटी म्हणजे काय हे सातवीच्या मुलाला असं सांगता येईल. मातीत एक जिवाणू असतो, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. तो एक प्रथिन बनवतो जे विशिष्ट अळ्यांच्या आतड्यात गेलं की आतड्याला भोकं पडतात. ते बनवायची सूचना कापसाच्या झाडात घातली. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन प्रथिनांचं आलं. हिरव्या बोंडअळीवर चांगलं चाललं. पण गुलाबी अळी हळूहळू ते पचवायला शिकली आणि २०१७ ला आपल्याकडे तिने जे नुकसान केलं ते तुमच्या वर्गातल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

अळी "पचवायला शिकली" म्हणजे काय, इथे उत्क्रांती शिकवता येते. हजार अळ्यांतली एखादी मुळातच जरा चिवट, बाकीच्या मेल्या, ती जगली, तिचीच पिल्लं पुढे. पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाणं यायचं ते बांधाकडेने लावायचं होतं, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील आणि चिवटांशी त्यांचा संकर होईल. बहुतेकांनी लावलं नाही, कारण कोणी नीट समजावून सांगितलंच नाही. त्यात फरदड, म्हणजे पाणी देऊन पीक मार्चपर्यंत उभं ठेवणं, अळीला आणखी कित्येक महिने जेवण.

मुलांसाठी काम: डोमकळी शोधा. गुलाबी अळी लागलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या आतून जाळ्याने बांधल्यासारख्या मिटून राहतात, गुलाबाच्या कळीसारखं दिसतं. उघडलं की आत बारकी अळी. मग हिरवी बोंडं. वेगवेगळ्या झाडांवरची २० बोंडं तोडून फोडायची. दोनात अळी सापडली म्हणजे १० टक्के, फवारणीचा निर्णय घ्यायची वेळ आली. पोरांनी आणलेला हा आकडा बापाच्या थेट कामाचा आहे.

काळीमाती

मॅडम तुमी विचारलं म्हणून सांगतो. दोन गोष्टी.

एक. औषधाच्या डब्ब्यावरचं वाचता आलं पायजे. २०१७ ले आपल्या यवतमाळात फवारणीनं माणसं मेली, हजारो नाई पण ज्या घरातली गेली त्या घराले विचारा. मायाच गावचा एक जण महिनाभर दवाखान्यात होता. डब्ब्यावर इतकं बारीक लिवलेलं राहते की मायासारख्या सातवी पास माणसाले दिसत नाई. त्यावर तिकोन राहते रंगाचा. तो कशाचा हे मले चाळीस वर्षाचा झाल्यावर समजलं.

दोन. काटापट्टी, म्हंजे वजनाची अन् हिशोबाची पावती. कापूस मोजला, त्यात कटती लावली, ओल म्हणून इतकी, कचरा म्हणून इतकी, हमाली वेगळी, अन् हातात जे टेकवलं ते घेऊन आलो. हिशोब बराबर आहे का नाई ते तिथं उभं राहून करता येत नाई आमाले. पोरगं दहावीत आहे, बीजगणितात पैकीच्या पैकी, पण हे त्यालेबी येत नाई.

हे शिकवा. मंग मी सभेले येतो.

जिनवाला_हिंगणघाट

काळीमाती भाऊंशी सहमत, मी पलीकडच्या बाजूचा असलो तरी. जिनमध्ये फिटर आहे वीस वर्षं.

मास्तरीणबाई, पोरांना एक सोपं गणित द्या. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी जवळजवळ सगळी सरकी, एक-दोन किलो घट. रुईची गाठ १७० किलोची बांधतात. तर एका गाठीला किती क्विंटल कापूस लागतो? बरोब्बर पाच. सरकीचं तेल निघतं, उरते ती ढेप, ती त्यांच्याच गोठ्यातल्या गायीला परत येते. हे पोरांना सांगितलं की डोळे मोठे करतात, कारण ढेपीचं पोतं घरात असतं पण ते आपल्याच कापसातून आलं हे डोक्यात जोडलेलं नसतं.

जिन बघायला आणायचं असेल तर आधी बोलून या आणि मशीन बंद असताना आणा. चालू असताना रुईचा बारीक धुरळा सगळीकडे उडतो, आणि ठिणगी पडली तर क्षणात आग पसरते. रोलरजवळ तर मोठ्या माणसालाही आम्ही उभं करत नाही. नाकाला रुमाल बांधून ढिगाऱ्याशी उभं राहून बघितलं तरी पुरे.

लबककर

मी टेक्सासमध्ये लबकजवळ राहते, इथे नजर जाईल तिथपर्यंत कापूस. माहेर अमरावती. इथे एक माणूस यंत्रावर बसून जातो आणि सगळं रान एका दमात उपटल्यासारखं साफ होतं, मागे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले मोठे गोल गठ्ठे. वेचणारं कोणीच नाही. दिवाळीत माझ्या मुलीला मामाच्या वावरात नेलं तर ती विचारत होती की मशीन कुठंय, मामी म्हणाली ही काय, आणि हात दाखवले. मुलगी अर्धा तास वेचायला गेली, बोंडाच्या टोकांनी बोटं खरचटली, पाऊण किलोसुद्धा झाला नाही. परत आल्यावर ती शाळेत त्याच्यावर बोलली. आपल्याकडे यंत्र का नाही चालत हो?

बोंडअळी_अभ्यासक

@लबककर, आपल्याकडचे संकरित वाण महिनोन्महिने फुलत राहतात, बोंडं टप्प्याटप्प्याने फुटतात, म्हणून तीन-चार वेचे करावे लागतात. तुमच्याकडे सगळी बोंडं एकदम येणारी बुटकी झाडं दाट लावतात, पानं गाळतात आणि यंत्र एकदाच फिरवतात. आपल्याकडे सघन लागवडीचे प्रयोग सुरू आहेत.

मास्तरीणबाई

लबककर, तुमच्या मुलीच्या अर्ध्या तासावरून एक गणित सुचलं आणि काल वर्गात घेतलं. एका बोंडात किती कापूस? किराणा दुकानातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. दहा बोंडं मोजली, ४४ ग्रॅम भरली, म्हणजे एकाला साडेचारच्या आत. मग एक किलोला किती बोंडं? सव्वादोनशेच्या पुढे. मग ती मुलगी, तीच, तिला विचारलं तू शनिवारी किती वेचलास? १८ किलो. आणि आई? ४२. फळ्यावर गुणाकार तिनेच केला. आईची साडेनऊ हजार बोंडं निघाली. दिवसभरात साडेनऊ हजार वेळा हात. वर्ग एकदम गप्प झाला आणि मग एक मुलगा मागून म्हणाला की माझी आई ५० वेचते, की सगळे सुरू झाले, माझी एवढे, माझी आजी एवढे, आणि ज्यांचे हात कधीच वर होत नाहीत ते सगळे हात वर.

आमच्याकडे यंदा किलोला १० रुपये वेचणी आहे. दर बोंडाला किती पैसे पडले तेही मुलांनीच काढलं. साडेचार पैशांच्याही आत.

जुना_बुनियादी

वाचून डोळे भरून आले बाई. एवढंच लिहितो.

मास्तरीणबाई

अपडेट, संक्रांतीनंतरचं. उशीर झाला, निवडणुकीची कामं लागली होती.

डब्ब्यांचे तिकोन केले. रिकामे डबे आणायला सांगितले नाहीत, ते धोक्याचं, मी दुकानातून लेबलांचे फोटो काढून आणले. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मुलांनी रंगवून शाळेच्या भिंतीवर मोठा तक्ता केलाय, गावातली माणसं जाता जाता थांबून वाचतात.

इतिहास थोडाच झाला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालू होती, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, मग वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. आणि यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला, नॅरोगेज म्हणजे अरुंद रुळांची गाडी, तीही कापसासाठीच. एका मुलाच्या आजोबांना बोलावलं, ते तिच्यातून प्रवास केलेले. चढावर पोरं उतरून बाजूने पळायची म्हणाले. मुलांनी त्यांना तासभर सोडलं नाही.

पण मुख्य सांगायचं ते जळणाच्या प्रयोगाचं. धागा सुती आहे का ते ओळखायचं, चिमट्यात धरून मेणबत्तीवर, मीच धरत होते, पाण्याची बादली शेजारी. घरून प्रत्येकाने जुन्या कपड्याचा एकेक दोरा आणायचा होता. गोधडीचा, आजोबांच्या बंडीचा, धोतराचा, आईच्या साडीचा. बंडीचा दोरा कागदासारखा जळला, कागदासारखाच वास, मागे करडी राख, फुंकली तर उडाली. साडीचा वितळला. मग कोणीतरी म्हणालं मॅडम आपल्या ड्रेसचा घ्या. एका मुलाच्या शर्टाच्या खालच्या कडेला कापडातूनच उसवलेला दोरा कापून घेतला. आकसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. दुसऱ्याचा घेतला, तेच. १९ मुलं होती त्या दिवशी, १९ शर्ट टेरीकॉटचे, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेले. शाळेच्या खिडकीतून तीन बाजूंना पऱ्हाटीच दिसते.

तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, मग आपला कापूस जाते कुठं?"

मी म्हटलं मला पूर्ण माहीत नाही, शोधू. तो मणी तिने कागदात गुंडाळून कंपासपेटीत ठेवलाय. जिनवाले दादा, फेब्रुवारीत तुमच्याकडे २७ जणांना घेऊन येऊ का? गाठी तिथून पुढे कुठे जातात तेवढं कोणी मुलांशी बोललं तर बरं होईल. आणि जूनसाठी बिनऔषधाची देशी सरकी हवी आहे, दोन-तीन ओळींपुरती.

जिनवाला_हिंगणघाट

या. मालकांशी बोलून ठेवतो, रविवारी मशीन बंद असतं. ट्रक कुठे जातात ते ड्रायव्हरच सांगेल, तोही असतो.

जुना_बुनियादी

सरकी माझ्याकडे आहे, घरच्या देशी कापसाची. सळई आणि पाटही देतो.

काळीमाती

मॅडम, मायी मागच्या सालची काटापट्टी पाठवून रायलो, चार वेचे, चार पट्ट्या. नाव अन् दुकानाचं नाव खोडलं आहे. कटती किती गेली अन् ती बराबर होती का ते पोट्ट्यायले काढू द्या. उत्तर मलेबी सांगजा.

अन् पालकसभा कधी आहे?